ख्रिस्तोफरदादाच्या पेटीतली काठी

"छाती ठोकून सांगतो, तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसायचा न्हाई!"

हेन्रीआबा रणपिसे यांनी शिरूरच्या स्टँडसमोर, पोपटच्या टपरीवरच्या बाकड्याला बूड टेकता टेकता असं जाहीर केलं, आणि कोणी मानसुद्धा वर केली नाही. आबांची प्रत्येक गोष्ट याच वाक्यानं सुरू व्हायची. माणसानं पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. त्यात तिकिटं तेवढी खरी फाडली, बाकी सगळ्या बाता! न्हावऱ्याच्या वळणावर त्यांच्या गाडीपुढं मगर आडवी आली, ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की शेवटी शेवटी ती मगर हाफ तिकीट मागायला लागली होती.

पण आजची बात वेगळी होती. काल आबा दौंडला थोरल्या भावाच्या मातीला जाऊन आले होते. आज भिंत धरत धरत टपरीपर्यंत पोचले होते. म्हणून पोपटनं न मागता चहा पुढं केला आणि शेजारचा हरिबा म्हातारा आपली काठी दोन गुडघ्यांत धरून ऐकायला सरसावला.

आबांनी त्यांना काय सांगितलं, ते शेवटी येईलच. आधी काय घडलं ते ऐका.

काठीचं असं होतं. आबांचे आजोबा, योहान रणपिसे, शिरूरच्या मिशन बंगल्यावर गोऱ्या साहेबाचे खानसामा. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं आपली काठी योहानच्या हातात ठेवली. आबनुसाची, काळी कुळकुळीत, आणि मुठीला चांदीचं कुत्र्याचं डोकं! का दिली? तर घोडनदीच्या काठाला साहेबावर झेपावलेलं जनावर योहाननं त्या काठीनं लोळवलं म्हणून. आबा नोकरीला लागले तेव्हा ते जनावर कोल्हा होतं. बढती मिळाली तेव्हा तरस झालं. रिटायर झाले त्या वर्षी बिबट्या, आणि हल्ली हल्ली तर ढाण्या वाघ! खरं कारण बहुतेक योहानच्या हातचं कस्टर्ड असावं.

काठी थोरल्याकडं जायची, अशी घरची रीत. म्हणून ती ख्रिस्तोफरदादाकडं गेली. दादा दौंडला रेल्वेच्या लोको शेडात होता. आबांना काठी मिळाली नाही, पण त्यांची एक सही मात्र तिच्यावर होती. पाच वर्षांचे असताना त्यांनी ती चर्चच्या दगडी पायरीवर आपटली, आणि कुत्र्याच्या डाव्या कानामागं हरभऱ्याएवढा खळगा पडला. बापानं विचारलं, "कुणी केलं?" अकरा वर्षांचा ख्रिस्तोफर म्हणाला, "मी." आणि त्याच काठीचे सहा फटके त्यानं खाल्ले. हेन्री दाराआड उभा राहून मोजत होता.

मोठेपणी आबांनी ही गोष्ट कधीच कुणाला सांगितली नाही. तिच्यात वाघ नव्हता ना!

अकरा वर्षांपूर्वी आबांच्या बायकोचं, राहेलबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन निघालं. पैसा कुठून आणायचा? तर एके दिवशी शिरूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ऐंशी हजारांचं पाकीट आबांच्या हातात ठेवलं. "मंडळीकडून," एवढंच म्हणाले. राहेलबाई वाचल्या. त्याच नाताळात आबा खुशीखुशीत दौंडला गेले, तर काठी काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप!

"दादा, जरा हातात दे की."

"लांबनंच बघ."

"का? माझ्या हाताला काय खरूज झालीय?"

"हात लावायचा न्हाई म्हनलं ना, हेन्री!"

त्या एका 'न्हाई'वर सख्ख्या भावांनी अकरा वर्षं अबोला काढला. दादाला दोनदा दवाखान्यात ठेवलं, तरी आबा गेले नाहीत. तिसऱ्यांदा फोन आला तो जोएलचा, पुतण्याचा. कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो तो.

"काका, पप्पा गेले. आन् बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहून ठेवलंय, तुमच्या कानावर घालतो. 'काठी माझ्यासंगं पेटीत ठेवावी. हेन्रीला देऊ नये. हातसुद्धा लावू देऊ नये.'"

आबांना आधी रडू आलं, मग संताप आला, आणि संतापानं रडण्याला असं ढकललं जसं दौंड स्टेशनवर उतरणाऱ्याला चढणारे ढकलतात.

"जित्तेपनी दिली न्हाई, आता मातीतबी घेऊन चालला! मुंग्यांना चांदीचं कुत्रं कशाला पायजे?"

"अहो, भावाच्या मातीला चाललाय, वाटणीला न्हाई," राहेलबाई म्हणाल्या. त्यांना प्रवास झेपत नव्हता. त्यांनी आबांना इस्त्रीचा काळा कोट दिला आणि हातात त्यांची रोजची काठी दिली. ही काठी ॲल्युमिनियमची, खाली रबरी बूच, ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी शिबिरात फुकट मिळालेली. तिच्यावर चिकटपट्टी होती: 'मोफत वाटप. विक्रीसाठी नाही.' आबांनी ती कधी काढली नाही. निघतच नव्हती!

एसटीत बसल्या बसल्या आबांनी दौंडच्या इमामभाईंना फोन लावला. इमामभाईंचं स्टेशनजवळ जुन्या वस्तूंचं दुकान. घड्याळं, आरामखुर्च्या, पितळी दिवे. मोडलेलं जुनं नीट करायचे, आणि गिऱ्हाइकानं सांगितलं तर नवं जुनं करायचे.

"इमामभाई, मयताला येताय न्हवं?"

"येणारच की. ख्रिस्तोफरभाऊ माझे जुने मैतर."

"मग येताना भिंग आना."

"मयताला भिंग?"

"दादाच्या काठीची किंमत सांगा मला. चार वाजता झाकन ठोकतील, त्याच्या आत!"

इमामभाई हळूच म्हणाले, "आबा, पेटीतली चीज पेटीत जाऊ द्या. तिच्यात काय राम न्हाई."

आबा गालातल्या गालात हसले. काष्टीच्या बाजारात दलाल ज्या बैलाला सकाळी लंगडा म्हणतो, तोच बैल संध्याकाळी दलालाच्या दावणीला दिसतो! आणि इमामभाईंचे वडील त्याच बाजारातले नामी दलाल. आता तर आबांची खात्रीच पटली.

दादाच्या घरी माणसं दाटली होती. गायन चाललं होतं. मधोमध दोन स्टुलांवर पेटी. दादा निळ्या सुटात, छातीपर्यंत फुलं, आणि उजव्या अंगाला ती काठी! चांदीचं कुत्रं दादाच्या खांद्यावरून थेट आबांकडं बघत होतं.

आबांनी अकरा वर्षांनी भावाचं तोंड बघितलं. गाल बसले होते, पण नाक तेच, आबांच्या नाकासारखं. आबांचा हात त्या नाकाकडं निघाला. तो त्यांनी मागं घेतला, कारण भिंतीवर साडेतीन वाजले होते.

"सलाम, वहिनी."

रिबेकावहिनींनी वर पाहिलं. "आलात भाऊजी? लवकर आलात," एवढंच बोलल्या. अकरा वर्षांचा हिशेब त्यांनी दोन शब्दांत हातावर ठेवला.

एवढ्यात इमामभाई आले. पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्याचा मोठा रुमाल. आबांनी त्यांना कोपरानं ढोसत ढोसत पेटीपाशी नेलं.

"बघा!"

"आबा, लोकं हायती..."

"बघा म्हनतो!"

इमामभाईंनी उसासा टाकला, डोळ्याला भिंग लावलं, मोबाईलची बॅटरी पेटवली आणि पेटीत वाकले. पुरतं बघितलंही नाही, लगेच सरळ झाले. तोंडानं भाव सांगायची ती जागा नव्हती. मग आबांनीच आपला हात त्यांच्या रुमालाखाली सरकवला. गुरांच्या बाजाराची जुनी पद्धत! भाव बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं धरायची. बोटं फक्त आकडा सांगतात. पुढं शंभर समजायचे का हजार, ते समोरच्या जनावराकडं बघून ज्याचं त्यानं ओळखायचं.

इमामभाईंनी आबांची पाचही बोटं मुठीत धरली आणि घट्ट दाबली. डोळे मिटून मान हलवली, म्हणजे 'आता सोडा हा नाद.'

पाच!

आबांचं डोकं ओव्हरलोड गाडीसारखं घाटात धापा टाकायला लागलं. पाच काय? पाच हजाराला इमामभाईचा चेहरा असा पडला नसता! डोळे भरून आलेत माणसाचे! पाच लाख! पाच लाखांचा माल तासाभरात सहा फूट खाली!

पण हे दोघं रुमालाखाली गुंतलेले असताना दाराशी भलतंच शिजत होतं. शेजारच्या धुरपदाबाईंना लांबून एवढंच दिसलं, की एक दाढीवाला माणूस बॅटरी मारून पेटीत वाकला आणि मग आबांचा हात धरून मान हलवायला लागला.

"अगं बया, डाक्टर! डोळ्यांत बॅटरी मारून बघितली त्यानं! मानूस जित्तं हाय!"

गायनाचा सूर मोडला. "काय? काय म्हनली?" "दादांनी डोळं उघडलं!" "पानी मागितलं म्हनं!" दारापासून गल्लीपर्यंत पोचेतो तर दादा पेटीत उठून बसले होते!

"कालपासनं बर्फात ठेवलंवतं त्यांना," रिबेकावहिनी शांतपणे म्हणाल्या. "जित्ते असते तर थंडीनं माझ्या नावानं बोंबलले असते." पण ऐकतंय कोण! जोएल ॲम्ब्युलन्स आणायला पळाला. दौंडचे पाळकसाहेब मोबाईलची रेंज शोधत ओट्यावर गेले. बाया गल्लीत, गडी रस्त्यावर. वहिनींना चक्कर येईल म्हणून दोघी जणी, त्यांना आली नव्हती तरी, आत पाणी पाजायला घेऊन गेल्या. इमामभाईंना "डाक्टर, चला, फोनवर बोला" म्हणून ओढत बाहेर नेलं.

खोलीत उरले दोन भाऊ. एक पेटीत, एक बाहेर.

"माफ कर दादा," आबा म्हणाले. "पाच लाखाचा मामला हाय."

एका झटक्यात फुलांखालून काठी बाहेर आली, आणि तिच्या जागी ॲल्युमिनियमची आत गेली, बूचासकट, चिकटपट्टीसकट! वरून शेवंती, झेंडू सारखे केले. आता ही कुठं दडवायची? आबांची पँट कंडक्टरच्या काळातली, खाकी, एका पायात दोन म्हातारे मावतील एवढी ढगळ. आबांनी काठी कमरेतून डाव्या पायात सोडली. टोक घोट्याला, मूठ पट्ट्यात, वरून काळा कोट. झालं!

खरा डॉक्टर आला, दोन मिनिटांत "मयतच आहे" म्हणून गेला. लोक थोडे नाराजच झाले. पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले, "आपण गुडघे टेकून प्रार्थना करू या."

सगळे खाली बसले. आबा उभेच! डावा पाय दुमडतच नव्हता. शेवटी त्यांनी उजवा गुडघा टेकला आणि डावा पाय सिग्नलच्या दांडीसारखा समोर सोडला. तो पुढच्या माणसाच्या बरगडीत घुसला.

"आबांचा पाय गेला!" मागून कुजबुज झाली. "भावाच्या धसक्यानं लकवा मारला!"

पेटीचं झाकण ठोकलं, आणि चार जणांनी आबांना उचलून टेम्पोत पेटीशेजारी ठेवलं. बसता येईना, म्हणून आबा पेटीला लागूनच आडवे झाले. कबरस्तानापर्यंत दोघं भाऊ शेजारी शेजारी निजून गेले, लहानपणी एका वाकळेत निजायचे तसे. बघणाऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. "काय माया! आन् लोक म्हनत व्हते बोलत न्हाईत!"

आबा डोळे मिटून पाच लाखांचं गणित मांडत होते. पण टेम्पो खड्ड्यात आदळला की पेटीतून 'टण्' असा ॲल्युमिनियमचा आवाज यायचा, आणि गणित विस्कटायचं. दर वेळेला आबा मोठ्यानं खोकायचे.

पेटी खाली सोडली. मूठमूठ माती टाकायची वेळ आली. पहिला मान सख्ख्या भावाचा! आबा वाकायला गेले, डावा पाय वाकेना, माती ओली, आणि आबा ताठच्या ताठ पुढं कलंडले. हात एका काठाला, पाय दुसऱ्या काठाला, आणि मधे खड्ड्यावर आबांचा पूल! खाली पेटी, वर आबा. अर्धा क्षण सगळं थांबलं.

मग पँटीच्या आत 'कडाक्'!

"मांडीचं हाड मोडलं!" सगळं कबरस्तान एकदम ओरडलं.

"डाक्टर हायत की हितंच!" धुरपदाबाईंनी इमामभाईंचा सदरा धरला. इमामभाईंनी आबांच्या पायाकडं पाहिलं, पँटीतून एक अणकुचीदार कोपरा वर आला होता. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "माझा पेशंट हाय," ते म्हणाले. "मी नेतो." आणि त्यांनी आबांना रिक्षात घातलं. निघताना रिबेकावहिनी जवळ आल्या. आबांच्या कमरेशी कोटाखाली जो उंचवटा होता तिकडं बघत हळूच म्हणाल्या, "जपून न्या, भाऊजी."

इमामभाईंच्या दुकानात शटर खाली झालं आणि आबांच्या पँटीतून काठीचे दोन तुकडे निघाले.

"मोडली तर मोडली," आबा धापा टाकत म्हणाले. "चांदी तरी हाय. पाचातले चार तर येतील?"

"आबा, मोडलेल्या जागी बघा."

आबांनी बघितलं. काठी बाहेरून काळी, आतून पांढरीफटक, सोललेल्या मुळ्यासारखी.

"अस्सल आबनूस आतनंबी काळंच असतं," इमामभाई म्हणाले. "हे आंब्याचं लाकूड. वरून काळं पॉलिश. मूठ पितळेची, वर चांदीचा मुलामा. मीच बनवलीय. मजुरी पाचशे."

"पाचशे?"

"बोटं धरली न्हवती का तुमची! म्हनलं, पाचशेची काठी, आबा नाद सोडतील, काठी मातीत जाईल, माझ्या तोंडून काय जायला नको."

आबांचा अंगठा आपोआप कुत्र्याच्या डाव्या कानामागं गेला. तिथं गुळगुळीत होतं. खळगाच नव्हता.

"मग अस्सल कुठंय?"

"ऐका आता. ते तर गेले, मी तरी किती दिवस पोटात ठेवू? अकरा वर्षांमागं ख्रिस्तोफरभाऊ दुकानात आले. म्हनले, ही इका, आन् हुबेहूब दुसरी करून द्या, हेन्रीला कळता कामा नये. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं नेली. ऐंशी हजार आले."

दुकानातली सगळी जुनी घड्याळं एकदम टकटकायला लागली. का आधीपासूनच टकटकत होती, आबांना आत्ता ऐकू आली.

"ऐंशी," आबा म्हणाले.

"तुमच्या पाळकांकडं पाकीट द्यायला मीच शिरूरला गेलोवतो. 'मंडळीकडून' म्हना, असा भाऊंचा निरोप व्हता. हेन्रीला समजलं तर घ्यायचा न्हाई म्हनले, आन् घेतलं तर गावभर सांगत सुटंल. तुम्हाला हात लावू दिला न्हाई तो याच्यासाठी. कानामागं बोट गेलं असतं, तर तुम्ही जागच्या जागी वळखलं असतं. वहिनींना म्हाईत हाय सगळं."

आबा बराच वेळ तो गुळगुळीत कान चोळत बसले. मग म्हणाले, "पेटी उघडता येईल का हो?"

"आबा, माती पडली."

शेवटच्या एसटीनं आबा शिरूरला आले. पिशवीत काठीचे दोन तुकडे. ते त्यांनी पलंगाखाली, ट्रंकेच्या मागं सारले. राहेलबाईंनी विचारलं, "नीट झालं का सगळं?" आबा म्हणाले, "झालं." सबंध रात्र त्या शेजारी श्वास घेत होत्या, आणि आबा एकेक श्वास मोजत होते, दाराआड उभं राहून फटके मोजले होते तसे.

तर आता परत पोपटच्या टपरीवर या. आबांचा चहा संपत आला होता, आणि गोष्ट रंगात!

"पाच लाख! इमामभाईंनी भिंगातनं बघितलं, आन् भिंगच त्यांच्या हातातनं गळून पडलं. म्हनले, आबा, ही काठी आत्ता उचला, मी रोख देतो. समदं घर म्हनलं, घ्या, तुमचाच हक्क हाय. मी काय म्हनलो असंन?"

"काय?" पोपटनं गाळणी हातातच धरली होती.

"म्हनलो, पाच लाख काय, पन्नास दिले तरी न्हाई! माझ्या दादाची काठी दादासंगं जानार! आन् ह्या हातांनी, ह्या! मी ती पेटीत ठेवली. चांदीचं कुत्रं त्याच्या खांद्याला लावलं. वरनं फुलं घातली." आबांचा आवाज चिरकला. तेवढाच काय तो खरा होता. "पुनरुत्थानाच्या दिवशी माझा दादा उठंल, तवा ती अस्सल आबनुसाची काठी टेकत उठंल!"

पोपटनं डोळे पुसले. "आबा, आजचा चहा माझ्याकडनं!"

हरिबा मात्र हनुवटी काठीवर टेकून आबांच्या मोकळ्या हातांकडं बघत होता. मग त्यानं आपली काठी वर उचलली. ॲल्युमिनियमची. रबरी बूच. 'मोफत वाटप. विक्रीसाठी नाही.'

"आबा, शिबिरात आपल्या दोघांना एकाच दिवशी घावली ही. तुमची कुठंय?"

"ती व्हय? ती... एसटीत इसरली."

"पस्तीस वर्सं लोकांच्या इसरलेल्या काठ्या डेपोत जमा केल्या तुम्ही, आन् सोताची इसरला? भिंत धरून आलाय सकाळी, मी बघितलंय." हरिबानं काठी फरशीवर आपटली. 'टण्' वाजली, अगदी तसाच आवाज. "खोटं बोलताय आबा! दादाची काठी उचलून पेटीत सरकारी काठी घातलीय तुम्ही!"